खंडेनवमीनंतरचा चार्ट

सर,

आज शुक्रवार, म्हणजे आपल्या एमआयडीसीची सुट्टी. मांजर्लीच्या घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले आहे. आम्ही ज्या गाडीवाल्या कंपनीला ब्रेकचे सिलिंडर पुरवतो, तिला आज संध्याकाळपर्यंत एक रिपोर्ट पाठवायचा आहे. सगळा भरून झाला आहे, एक चौकट सोडून. त्या चौकटीवर 'मूळ कारण' असं लिहिलेलं आहे. कारण मला माहीत आहे. ते खरं लिहिलं तर आमच्या गेजरूममधल्या एका बाईची नोकरी जाऊ शकते, आणि माझ्याबद्दल कारखान्यात आजवर जे दबक्या आवाजात बोललं जायचं ते उघड बोललं जाईल. खोटं लिहिलं तर आम्ही दोघी वाचू, आणि पुढच्या दसऱ्याला हेच पुन्हा होईल. सकाळपासून त्या चौकटीकडे बघते आहे. मग तुमची आठवण आली. प्रेमाने आली असं म्हणणार नाही. रागाने आली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग काही जुना होत नाही. लोणच्यासारखा मुरत चाललाय म्हणा हवं तर.

तुम्ही माझे पहिले साहेब. मी डिप्लोमा करून अंबरनाथच्या त्या लहान वर्कशॉपमध्ये लागले तेव्हा क्वालिटीत आपण दोघंच होतो, तुम्ही आणि मी. बाकीचे आपल्याला लग्नातल्या रुसलेल्या व्याह्यांसारखं वागवायचे, म्हणजे समोर मान आणि पाठ फिरली की शिव्या. तुम्ही कॅम्प पाचचे, सिंधी, मराठी बोलायचात पण मध्येच हिंदीत शिरायचात, आणि खूश असलात की मला 'पुट' म्हणायचात. मला वाटायचं पुट म्हणजे काहीतरी पदवी असेल. पुढे आंटींनी, तुमच्या मिसेसनी, सांगितलं, लेकरू. मी आमच्या वस्तीतली नोकरीला लागलेली पहिली मुलगी. आई विचारायची, तू तिथे नक्की करतेस काय? मोजते, म्हणायचे. काय मोजतेस? भोकं. आई बाकीच्या बायकांना सांगायची, आमची इंजिनियर आहे, आणि पुढचा प्रश्न यायच्या आत विषय बदलायची.

चार्ट काढायला तुम्ही मला कारखान्यात शिकवलंच नाहीत, ते शिकवलंत तुमच्या स्वयंपाकघरात, एका शुक्रवारी. मला ती सकाळ अजून दिसते. आंटी ओट्यापाशी खाली बसून पापडाच्या लाट्या करताहेत, बाहेर गच्चीत आधीचे पापड वाळताहेत, आणि तुम्ही सोनाराकडून मागून आणलेला छोटा तराजू घेऊन स्टुलावर बसला आहात. मला दाल-पकवानाची ताटली हातात देता आणि म्हणता, "खा, खा. खाता खाता बघ." दर थोड्या वेळाने पाच लाट्या उचलायच्या, वजन करायचं, सरासरी काढून कागदावर टिंब द्यायचं. मध्ये एक रेघ, वर एक, खाली एक. वरच्या-खालच्या रेघेच्या आत टिंबं इकडे-तिकडे नाचत असली तर ती हाताची सवय, तिला हात लावायचा नाही. टिंब रेघेबाहेर गेलं, किंवा सगळी टिंबं मधल्या रेघेच्या एकाच बाजूला रांगेने बसायला लागली, तर काहीतरी बदललंय, उठ आणि शोध. एवढंच. पुढे मी यावर जाडजाड पुस्तकं वाचली, परीक्षा दिल्या, पण याच्यापलीकडे त्यांत फार काही नव्हतं.

मग तुम्ही आंटींना म्हणालात, आता प्रत्येक लाटीचं वजन मी तुला सांगतो, जड झाली तर पुढची हलकी कर, हलकी झाली तर जड कर. आंटींनी तसं केलं आणि टिंबं अशी काही उधळली की कागद पुरेना. आंटी वैतागल्या. "साईं, माझा हात बिघडवतो हा माणूस. आधी नीट होत होते." तुम्ही टाळी वाजवून हसलात. "समजला? ठीक चाललेल्या गोष्टीत सारखी ढवळाढवळ केली ना, तर ती बिघडते. मशीनचं पण तसंच. पहिले हात मागे बांध. बघ. मग हात लाव." आंटी लाट्या पुन्हा आपल्या मनाने करायला लागल्या आणि तुमच्याकडे न बघता मला म्हणाल्या, "पापड मी करते, आणि हुशार हा." त्या दिवशी घरी जाताना मला वाटत होतं की मला कोणीतरी एक गुपित सांगितलं आहे. इतकी खूश मी पहिल्या पगारालासुद्धा नव्हते.

म्हणून तर पुढचं इतकं लागलं. दिवाळी तोंडावर होती. पंपाच्या शाफ्टची एक ट्रॉली मी मोजली, चार्ट खाली घसरत चालला होता आणि शेवटचे नग मापाच्या बाहेर होते. मी ट्रॉलीला लाल टॅग लावला, तुम्हीच शिकवल्याप्रमाणे. माल गेला नसता तर कोणाचाच बोनस झाला नसता, हे मला नंतर कळलं. मालक खाली आले, तुमच्या खांद्यावर हात ठेवून सिंधीत काहीतरी बोलले. तुम्ही ट्रॉलीपाशी आलात आणि सगळ्या ऑपरेटरांसमोर तो टॅग ओढून काढलात. मी म्हटलं, सर, हा माल बाहेर आहे. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. "तू अजून बच्ची आहेस. घरी जा." मग तुम्ही डेव्हिएशनवर सही केलीत. म्हणजे माल मापात नाही हे आम्हाला माहीत आहे, तरी चालवून घेतो, अशी सही. ज्या पेनाने चार्टवर टिंबं काढायचात त्याच पेनाने. मी त्या दिवशी वर्कशॉपच्या संडासात जाऊन रडले, आणि तोंड धुऊन बाहेर आले तेव्हा ठरवून टाकलं होतं की हा माणूस भित्रा आहे.

तक्रार आली नाही. हेच सगळ्यात वाईट झालं. आली असती तर आपण दोघं भांडून मोकळे झालो असतो. तुम्ही एकदा मला म्हणालातही, "देख, काय झालं का?" मी पुढचा नग मोजायला घेतला. पण मी तुमच्याच टेबलासमोर बसायचे ना सर, मला दिसायचं. त्या दिवाळीनंतर सकाळी पेपर आला की तुम्ही आधी आतलं पान उघडायचात, जिथे लहान लहान अपघातांच्या बातम्या असतात. बोट लावून वाचायचात. कुठे पंप फुटला, कुठे शेतावर कोणाला शॉक लागला. मग पहिलं पान. मला तेव्हा त्याचं बरं वाटायचं. भोगा म्हणायचे मनात. तुमच्याकडचं दाल-पकवान मी त्यानंतर खाल्लं नाही. तुम्ही बोलावलंत तेव्हा आईला बरं नाही, पाहुणे आलेत, अशी कारणं दिली. मोठ्या कंपनीत नोकरी लागल्यावर तुम्ही मला तुमचं मायक्रोमीटर दिलंत, आंटींच्या रुमालात गुंडाळलेलं, आणि मी 'थँक्यू सर' म्हणून ते पर्समध्ये टाकलं. तुमच्याकडे नीट बघितलंही नाही. पुढची भेट झाली ती तुम्ही गेल्यावर, कॅम्प पाचच्या त्या खोलीत, आणि तेव्हा तुमच्याकडे बघून काही उपयोग नव्हता.

आता माझं ऐका. मी क्वालिटी हेड आहे. अंबरनाथलाच, पण मोठ्या कारखान्यात. आमच्याकडे सिलिंडरचं भोक तीन मशीनवर होतं. त्या भोकात पिस्टन सरकतो. भोक मोठं झालं तर तेल गळतं, लहान झालं तर पिस्टन अडकतो आणि ब्रेक सुटत नाही, किंवा हवा तेव्हा लागत नाही. आता टिंबं कोणी हाताने काढत नाही. पडद्यावर आपोआप येतात, आत असली की हिरवी, बाहेर गेली की लाल. लाल झालं की ऑपरेटरने एका यादीतून कारण निवडायचं आणि मशीनला दुरुस्ती द्यायची. दिली की पुन्हा हिरवं. सगळे खूश. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, पण पडदा हिरवा असतो.

दसऱ्याला मी नव्हते. आईला घेऊन नागपूरला गेले होते, दीक्षाभूमीवर. आई आता थकली आहे, पांढरी साडी नेसून गर्दीत माझा हात धरून चालताना म्हणाली, हे शेवटचं. दर वर्षी म्हणते. तिची तब्येत जरा बिघडली म्हणून दोन दिवस जास्त राहिलो. कारखान्यात आदल्या दिवशी खंडेनवमीची पूजा झाली होती, दर वर्षीसारखी. मशीनला झेंडूच्या माळा, अवजारांना कुंकू, पेढे. मी पूजेला उभी राहत नाही, पेढा मात्र खाते, आणि याबद्दल इतक्या वर्षांत तोंडावर कोणी काही बोललं नाही. पाठीमागे बोलतात. "मॅडम जयभीमवाल्या आहेत ना," एवढं एक वाक्य मी एकदा दाराआडून ऐकलं आहे, आणि त्याच्या पुढचं ऐकायला थांबले नाही.

परत आले आणि सवयीने मागचे चार्ट उघडले. सगळं हिरवं. पण दसऱ्यानंतरच्या पहिल्या सकाळी एकेक लाल टिंब. पहिल्या मशीनवर, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. तिन्ही वरच्या बाजूला. ऑपरेटरने तिन्हींचं कारण निवडलं होतं 'टूल झिजलं', दुरुस्ती दिली होती, आणि तिथून पुढे सगळं सरळ. मी त्याला बोलावलं. तरणा मुलगा, चिखलोलीला राहतो, कामात चोख. "मॅडम, टिंब बाहेर गेलं म्हणून मी भोक थोडं लहान केलं. आपने सिखाया वैसाच किया ना?" त्याचं काहीच चुकलं नव्हतं. पण टूल झिजलं तर भोक लहान होतं, मोठं होत नाही. आणि तीन वेगवेगळी मशीन, तीन वेगळी टूल, एकाच सकाळी, एकाच बाजूला, सारख्याच अंतराने? एका घरातली तीन भावंडंसुद्धा एका दिवशी तापाने पडत नाहीत, पडली तर माणूस पाणी बघतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होता. मशीन जागच्या जागी होती. मोजणारा गेज हलला होता.

मी गेजरूममध्ये गेले. तिथे एक ताई काम करते. बदलापूर गावातून येते, नवरा रिक्षा चालवायचा, आता पाठीच्या दुखण्याने घरी आहे, दोन मुली शिकताहेत. तिच्या ताब्यात मास्टर रिंग असते, म्हणजे एक जाड पोलादी कडं, ज्याच्या आतल्या भोकाचं माप पक्कं ठरलेलं आहे. रोज सकाळी ताई तिन्ही मशीनचे गेज त्या कड्यात घालून काटा शून्यावर आणते आणि मग दिवसभर त्या गेजने सिलिंडर मोजले जातात. कडं खोटं तर सगळं खोटं. मी रिंग पेटीतून काढली आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरली. आतल्या बाजूला एक फिका लालसर ओघळ होता. गंजू नये म्हणून तेल लावतो ना आपण, त्या तेलात मिसळून पसरलेला. बोटाला कळणार नाही इतका पातळ. पांढरा टिशू स्पिरिटमध्ये बुडवून फिरवला. गुलाबी झाला.

"ते कुंकू आहे मॅडम," ताई माझ्या खांद्याशी उभी होती. "खंडेनवमीचं. वरून लावलं होतं, आत ओघळलं वाटतं."

"मग पुसलं का नाही? रोज पुसून शून्य लावायचं असतं ना?"

"वरवर फडकं फिरवते की रोज." तिने गुलाबी टिशूकडे बघितलं. "पण कुंकू घासून नाही पुसत मॅडम. आपोआप जाऊ द्यायचं असतं. बाईच्या हाताने कसं पुसायचं?"

आजोबा गेले तेव्हा माझ्या आजीच्या कपाळाचं कुंकू आमच्या लोकांनी पुसलं नव्हतं असं थोडंच आहे. पाठीच्या दुखण्याने पडलेला नवरा घरी असलेली बाई, हातात कुंकू लागलेलं कडं, आणि मी तिला विचारते आहे, का नाही पुसलंस. तिने चूक केली होती आणि ती चूक मला समजत होती, याचाच मला जास्त राग आला. कड्याच्या आत ओघळ, म्हणून कडं जरासं लहान. लहान कड्यावर शून्य लावला, म्हणून बरोबर असलेलं भोक मोठं दिसलं. मोठं दिसलं म्हणून पोराने ते लहान केलं. पडदा हिरवा झाला आणि दसऱ्यापासून आम्ही जरा अरुंद भोकाचे ब्रेक सिलिंडर बनवत होतो. बरेचसे तरीही मापात असतील. काही नसतील. कोणते, ते पुन्हा मोजल्याशिवाय कोणी सांगू शकत नव्हतं, आणि माल निघून गेला होता.

मी निघायच्या बेतात असलेली मालाची गाडी थांबवली, गोडाऊनला लाल टॅग लावले, आणि त्या कंपनीला फोन केला. पलीकडच्या माणसाने विचारलं, बसवलेल्या गाड्यांचं काय? मी म्हटलं, त्याही थांबवा. त्यांची लाईन बंद पडली. आमची पोरं तिकडे जाऊन एकेक सिलिंडर मोजताहेत, अजून मोजणं संपलेलं नाही. रोज सकाळी मी काय करते माहीत आहे? मोबाईलवर बातम्या उघडते आणि आधी अपघात वाचते. घाटात कुठली गाडी, कुठल्या कंपनीची, ब्रेक फेल लिहिलंय का. नवरा परवा म्हणाला, चहा गार झाला, काय शोधतेस? मी फोन उपडा ठेवला.

प्लांट हेड माझ्यापेक्षा वयाने लहान, पुण्याहून आलेला, वाईट माणूस नाही. काल केबिनचं दार लावून म्हणाला, "मॅडम, तुम्ही पकडलंत म्हणून आपण वाचलो, मान्य. पण कारण 'फॉरेन पार्टिकल' लिहा. धूळ लिहा. कुंकू कशाला? ते लोक विचारणार, कोणी लावलं, कोणी पुसलं नाही. त्या बाईला काढावं लागेल मला. आणि खाली फ्लोअरवर काय बोलतील? तुमच्यावरच शेकेल, मी सांगतोय." तो माझ्याकडे बघत नव्हता, टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होता. म्हणजे खाली आधीच बोलायला लागले होते. मला पुढे कॅन्टीनमध्ये कळलंच. मॅडमना पूजेचं वावडं आहे, म्हणून कुंकवावर ढकललं. चार्टमध्ये म्हणे कुंकू दिसतं का कधी?

ताई कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसली. डबा उघडला नाही. "मला काढतील का मॅडम?"

"माहीत नाही गं."

"मग धूळच लिहा ना. धूळ कोणाचीच नसते."

हे तिने इतक्या सरळ म्हटलं की मला हसू येईल की काय असं वाटलं. मी तिला समजावलं की धूळ लिहिली तर उपाय काय करणार, रिंगवर झाकण ठेवा म्हणणार. पुढच्या खंडेनवमीला तूच झाकण काढशील आणि कुंकू लावशील. तू नसलीस तर तुझ्या जागी येणारी लावेल. तिने डबा जवळ ओढला. मग म्हणाली, "पेटीला लावू की. रिंग आत ठेवून पेटीची पूजा करायची. देवाला काय, पेटी आणि रिंग एकच." आणि डबा उघडून भाजी माझ्या ताटात वाढली. उपाय ती सांगून गेली, पण तो उपाय लिहायचा तर कारण लिहायलाच लागतं. पेटीची पूजा करा, हे धुळीवरचं औषध नाही.

सर, तुम्ही त्या दिवशी सही केलीत तेव्हा तुमच्यासमोर पण माणसंच होती. ऑपरेटर, त्यांची दिवाळी. मला फक्त तुमचा हात दिसला टॅग ओढणारा. आता मला दिसतंय की समोर माणसं बसलेली असताना चार्ट काय म्हणतो ते मोठ्याने बोलणं किती जड जातं. तरी मी तुम्हाला माफ करत नाही. समजलं म्हणून माफ करायलाच हवं असं कोणी सांगितलंय? तुम्ही ती सही करायला नको होती. सही केल्यावर मला म्हणायला हवं होतं, पुट, मी घाबरलो. मी त्यानंतर तुमच्याकडे जेवायला आले असते.

एवढं लिहून झाल्यावर मी उठले, आईला औषध दिलं, आणि परत येऊन ती चौकट भरली. लिहिलं की पूजेच्या वेळी मास्टर रिंगला लावलेलं कुंकू आतल्या बाजूला राहिलं. पूजेनंतर गेज आणि रिंग धुऊन तपासल्याशिवाय काम सुरू करू नये अशी सूचना आमच्या विभागाने कधी लिहिलीच नव्हती, आणि विभागाची प्रमुख मी आहे. ताईचं नाव लिहिलं नाही. विचारलं तर सांगेन की सूचना नसताना चूक एकटीची नसते. त्याने तिची नोकरी वाचेल की नाही, मला खरंच माहीत नाही. वाचली नाही तर ती मला काय म्हणेल तेही माहीत नाही. रिपोर्ट पाठवला. पाठवल्याबरोबर प्लांट हेडचा फोन आला, मी उचलला नाही. पुन्हा आला. आत्ता, हे लिहिताना, तिसऱ्यांदा वाजून थांबला. उचलणार आहे, एवढं संपवून.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगते. खिडकीशी रिंगमध्ये ते लाल दिसलं तेव्हा माझ्या मनात आधी गाडी आली नाही, गाडीत बसलेली माणसं आली नाहीत. आधी आलं ते हे, की आता सगळे म्हणणार, हिनेच कुंकवावर बोट ठेवलं. आणि त्याच्या पाठोपाठ आलं की पुसून टाकावं, पेटी बंद करावी, गेज नव्याने लावून घ्यावा, आणि गेलेला माल गेला. स्पिरिटचा टिशू हातात होता. ताई त्या वेळी माझ्या खांद्याशी येऊन उभी राहिली नसती, तर मी काय केलं असतं, ते मला सांगता येत नाही.